धावणाऱ्या मुलाचे छायाचित्र



शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांची छायाचित्रे फलकावर लागतात, तेव्हा एक विसंगती अनेकदा नजरेस येते. बक्षीस देणाऱ्या पाहुण्यांचा चेहरा स्वच्छ उमटलेला असतो. परंतु ज्या धावण्याबद्दल ते बक्षीस मिळाले, त्या छायाचित्रात मूल पुसट आणि मागची भिंत रेखीव असते. पाहुणे उभे असतात आणि मूल पळत असते, एवढेच त्याचे कारण. तरीही ज्याच्यासाठी स्पर्धा भरविली, त्याचीच नोंद निसटावी, ही गोष्ट क्षुल्लक नव्हे.

शाळकरी वयातील खेळ पुढे कोठवर जाईल, हे त्या वेळी कोणालाच सांगता येत नाही. विरारच्या पृथ्वी शॉने २०१३ मध्ये हॅरिस शील्ड स्पर्धेत ५४६ धावा केल्या, तेव्हा तो शाळेचा विद्यार्थी होता. २०१८ मध्ये त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकला. वसई-विरार महानगरपालिकेची मॅरेथॉन २०११ मध्ये सुरू झाली. तिच्यात धावणाऱ्यांपैकी फारच थोड्यांची नावे वृत्तपत्रांत येतात. इतरांजवळ त्या दिवसाची खूण म्हणून एखादे छायाचित्रच उरते.

पळणारा मनुष्य कॅमेऱ्याला का सापडत नाही, हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. २०० मिलिमीटरचे भिंग, त्याचे छिद्र एफ २.८ इतके उघडे आणि धावपटू १० मीटरवर असेल, तर रेखीव दिसणारा पट्टा सुमारे ४० सेंटिमीटर रुंद असतो. सेकंदाला ८ मीटर वेगाने समोरून येणारा मुलगा सेकंदाच्या विसाव्या भागात हा सारा पट्टा ओलांडतो. बटण दाबल्यापासून शटर उघडेपर्यंत जवळजवळ तेवढाच अवधी जाऊ शकतो.

जुने छायाचित्रकार यावर एक साधी युक्ती योजीत. धावपट्टीवरील एक जागा निश्चित करून ते तिच्यावर आधीच फोकस ठेवीत आणि खेळाडू तेथे येताच बटण दाबीत. पुढे हे काम यंत्राकडे आले. १९७७ मध्ये कोनिका कंपनीचा स्वयंचलित फोकसचा कॅमेरा बाजारात आला. १९८५ च्या मिनोल्टा ७००० ने ही सोय भिंग बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत रूढ केली आणि १९८८ च्या निकॉन एफ ४ मध्ये हलत्या विषयाचा माग घेण्याची व्यवस्था होती.

या व्यवस्थेचे तत्त्व समजण्यास कठीण नाही. भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रकाशाच्या दोन प्रतिमांची आत तुलना होते. त्या जुळल्या की विषय रेखीव झाला असे समजावे. न जुळल्यास त्या कोणत्या बाजूस व किती सरकल्या आहेत, यावरून भिंग कोणीकडे व किती हलवावयाचे ते ठरते. लागोपाठ घेतलेल्या अशा मापांवरून यंत्र खेळाडूचा वेग काढते आणि शटर उघडेल त्या क्षणी तो कोठे असेल, याचा अंदाज बांधते. उंच उडालेला झेल घेणारा क्षेत्ररक्षक चेंडू जेथे पडणार तेथे धावतो, तसाच हा प्रकार आहे. अलीकडचे कॅमेरे असंख्य चित्रांवरून शिकविलेल्या गणिताच्या आधारे मनुष्याचा चेहरा व डोळाही ओळखतात.

मात्र कोणाचा डोळा, हे यंत्राला कळत नाही. खो-खोचे उदाहरण घ्यावे. आठ खेळाडू ओळीत बसलेले, नववा पाठलाग करणारा आणि बचाव करणारी मुलगी त्या ओळीतून नागमोडी पळणारी. ती क्षणभर बसलेल्यांच्या आड गेली, की उतावळा कॅमेरा पुढच्यालाच धरतो. म्हणून अनेक कॅमेऱ्यांत माग सोडण्यापूर्वी किती थांबावे, हे ठरविण्याची सोय असते. खो-खो व कबड्डीसाठी तेथे धीराची बाजू निवडावी.

शिक्षकांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एकदाच फोकस करून थांबणारी पद्धत बदलून सतत फोकसची पद्धत घ्यावी. काही कॅमेऱ्यांवर तिला एएफ-सी, तर काहींवर सर्व्हो म्हणतात. शटरचा वेग सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतका किंवा त्याहून जलद असावा. तो मंद राहिल्यास फोकस अचूक असूनही हातपाय पुसट येतात.

शाळेजवळ असा कॅमेरा नसेल, तर मोठ्या खर्चाची आवश्यकता नाही. बऱ्याच मोबाइल फोनमध्ये पडद्यावर बोट दाबून धरले असता फोकस त्या जागी स्थिर होतो. अंतिम रेषेवर तो स्थिर करावा, ऊन पाठीशी घेऊन उभे राहावे आणि मूल रेषेजवळ येताच लागोपाठ छायाचित्रे घ्यावीत. जुन्यांची युक्ती आजही उपयोगी पडते.

पहिला आलेल्याचे छायाचित्र कोणीही घेईल. शेवटून दुसऱ्या येणाऱ्या मुलाकडे कॅमेरा वळवावयाचा की नाही, हा निर्णय कोणतेही यंत्र घेणार नाही. तो शाळेने व गावाने घ्यावयाचा आहे. पुढच्या स्पर्धेनंतर फलकासमोर उभ्या राहिलेल्या प्रत्येक आईला आपले मूल ओळखता आले, तर ते काम नीट झाले असे म्हणता येईल.