हाताचे वळण आणि मनाचा धीर



नागपूरहून छत्रपती संभाजीनगरकडे जाणारा जुना मार्ग आणि अकोला-वाशिम मार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तेथे वाशिम जिल्ह्यातील मालेगाव हे तालुक्याचे गाव वसले आहे. तालुक्याची उपजीविका मुख्यतः सोयाबीन व तूर या पिकांवर अवलंबून असल्याने पाऊस चुकला की घरातील प्रत्येकाला दुसरे काम शोधावे लागते. अशा गावी ब्युटी पार्लरमध्ये शिकाऊ म्हणून बसणाऱ्या, त्यातही नखांची निगा व सजावट शिकणाऱ्या मुलीच्या कामाकडे केवळ हौस म्हणून पाहिले जाते. अभ्यासात मागे पडलेल्या मुलीसाठी हे काम ठीक, असाही समज आढळतो. हा समज त्या मुलीचे आणि तिच्याकडे येणाऱ्या ग्राहकांचेही नुकसान करतो.

वस्तुतः हे काम नवे नाही. गावच्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तऱ्याशेजारी नराणी असे. दुसऱ्याचे बोट हाती घेऊन, जिवंत कातडीला धक्का न लावता नख काढणे हे त्याचे कसब होते. ते शिकण्यासाठी त्याचा मुलगा कित्येक वर्षे वडिलांचा हात पाहत बसे. आज नराणीच्या जागी फाइल, जेल व दिवा आला आहे. मात्र शिकण्यास लागणारा काळ त्यामुळे कमी झालेला नाही.

याचे कारण नखाच्या रचनेतच आहे. बाहेर दिसणारे नख निर्जीव असले, तरी ते मुळाशी त्वचेखाली असलेल्या जिवंत पेशींतून तयार होते. हाताच्या नखाची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. ते महिन्याला सुमारे ३ मिलिमीटर वाढते आणि पूर्ण नवे येण्यास सुमारे ६ महिने लागतात. पायाच्या नखास १२ ते १८ महिने लागतात. नखाच्या मुळाशी असलेली पातळ त्वचा बाहेरील जंतूंना अडवून धरते. नवशिकीने घाईने नख अधिक घासले, ही त्वचा कापली किंवा वाळलेले जेल ओढून काढले, तर क्षणाची चूक ग्राहकाला कित्येक महिने बोटावर वागवावी लागते. लहान गावात अशी चूक लपत नाही, आणि गेलेला विश्वास नखाइतक्या लवकरही परत येत नाही.

म्हणून प्रशिक्षणाचा क्रम सावकाश असावा. प्रारंभी रंगाला हातच लावू नये. स्वच्छ हात धुणे, अवजारे घासून धुऊन जंतुनाशकात ठेवणे आणि समोरच्याचा हात न अवघडता धरणे, एवढेच काही दिवस करावे. कावीळ-ब चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस टिकू शकतो, हे ज्ञात झाल्यावर स्वच्छतेचा हा आग्रह कोणालाही अनाठायी वाटणार नाही. पुढे सरावाच्या कृत्रिम हातावर फाइल एकाच दिशेने फिरविण्याचा अभ्यास करावा. मग रंगाचा पातळ थर, तो वाळेपर्यंत थांबणे आणि नंतर दुसरा थर. जाड थराने वेळ वाचल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात तो सुरकुततो आणि सारे पुसून पुन्हा करावे लागते. न वाळलेले जेल त्वचेस वारंवार लागल्यास कायमची ॲलर्जी जडू शकते. हा धोका ग्राहकाइतकाच काम करणाऱ्या मुलीलाही असतो.

या व्यवसायातील अवघड धडा नकार देण्याचा आहे. निंदणी-खुरपणी करणाऱ्या, पाण्यात व चिखलात राबणाऱ्या हातांना नखुरडे होते, नखांत बुरशी शिरते. सुजलेले किंवा पू झालेले बोट पुढे आले, तर त्यावर रंग न लावता त्या व्यक्तीस प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविणे हेच खरे कौशल्य होय. त्या दिवशीची मजुरी बुडते. परंतु तेच ग्राहक पुढे विश्वासाने येतात.

या शिक्षणाची सोय शासनस्तरावर आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या अभ्यासक्रमांत कॉस्मेटॉलॉजी हा १ वर्षाचा व्यवसाय असून हातापायांच्या नखांची निगा त्यात शिकविली जाते. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचा प्रारंभ झाला. तथापि अल्पमुदतीच्या वर्गाचे प्रमाणपत्र म्हणजे तयार झालेला हात नव्हे. वर्ग संपतो, त्या दिवशी मुलीजवळ माहिती असते. सराव पुढेच व्हावयाचा असतो. नेमक्या याच काळात घरचे विचारतात, ‘पैसे केव्हा मिळणार?’ आणि पुष्कळदा शिक्षण तेथेच थांबते.

येथे ग्रामपंचायतीचे साहाय्य मोलाचे ठरेल. हवा खेळती असलेली, पाण्याची सोय असलेली एखादी खोली आठवड्यातून काही तास सरावासाठी मिळाली, तरी पुष्कळ साधेल. शिक्षकांनी विज्ञानाच्या तासाला नखाची रचना व जंतूंची वाढ शिकविताना या व्यवसायाचा उल्लेख करावा आणि पालकांना धीर धरण्यास सांगावे. अधिकाऱ्यांनी प्रमाणपत्रांची संख्या मोजून न थांबता ६ महिन्यांनी त्या मुलीची पुन्हा भेट घ्यावी. तेवढ्या अवधीत ग्राहकाच्या बोटावर नवे नख आलेले असते. मुलीचा हातही तयार झाला आहे की नाही, हे तेव्हा तिचे काम पाहूनच ठरवता येईल.