‘विचारून ये’ : नारद, बातमी आणि मोबाईल

(देवर्षी नारद जयंतीनिमित्त झालेल्या पत्रकार सत्कार कार्यक्रमातील प्रमुख भाषणाचा संपादित भाग.)



नारद जयंतीच्या कार्यक्रमात देवर्षींना आद्य पत्रकार म्हणण्याची आता प्रथाच झाली आहे. तिन्ही लोकी संचार करणारा, सर्वत्र मुक्त प्रवेश असलेला आणि कोणाच्याही दरबारी नोकरीला नसलेला, असा हा वार्ताहर. आपल्या बोलण्यात मात्र आपण त्याला ‘कळीचा नारद’ करून टाकले. इकडची गोष्ट तिकडे सांगून भांडण लावणारा, एवढीच त्याची ओळख उरली. आज मला नारदाच्या एका वेगळ्या गोष्टीपासून सुरुवात करायची आहे. आपण सर्वांनी ती लहानपणी आजीकडून ऐकली आहे.

वाल्या कोळ्याने नारदाला वाटेत अडवले. नारदाने त्याला ना शाप दिला, ना उपदेशाचे भाषण दिले. त्याने एक प्रश्न विचारला. ज्यांच्यासाठी तू हे पाप करतोस, ते या पापाचे वाटेकरी होतील का? आणि पुढे सांगितले, जा, घरी जाऊन विचारून ये. वाल्या गेला, त्याने विचारले आणि उत्तर ऐकून त्याचे आयुष्य बदलले. मित्रहो, ‘विचारून ये’ या दोन शब्दांत पत्रकारितेचे सारे शास्त्र आले आहे असे मला वाटते. सांगण्याआधी विचारणे हा त्याचा पहिला अर्धा भाग. आणि सांगितल्यामुळे जे घडेल, त्याचा वाटेकरी कोण, हा दुसरा. आजचा विषय आहे ‘मोबाईल, समाजमाध्यमे आणि वृत्तव्यवसाय’. त्याविषयी मी जे बोलणार आहे ते या दोन शब्दांभोवतीच असेल.

पाकीट ते पडदा

मी या व्यवसायात आलो तेव्हा तालुक्याचा वार्ताहर बातमी हाताने कागदावर लिहीत असे. ते पाकीट संध्याकाळच्या एसटीच्या वाहकाच्या हाती द्यायचे आणि जिल्ह्याच्या स्थानकावर कार्यालयाचा शिपाई ते उतरवून घ्यायचा. फारच तातडीचे असेल तर तार. ती तारही १५ जुलै २०१३ पासून बंद झाली. आता तोच वार्ताहर घटनास्थळी उभा राहून मोबाईलवर चित्रण करतो, तिथेच ते कापतो, जोडतो आणि पाच मिनिटांत जगापुढे मांडतो. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तत्कालीन मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाईल फोन केला, तेव्हा हे यंत्र आपला छापखाना होईल असे कोणाच्या स्वप्नातही नव्हते.

या बदलाचे मी स्वागतच करतो. आपल्यापैकी अनेकांची एक जुनी तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती. सेवाकार्य असो, भूकंपातले मदतकार्य असो, वनवासी क्षेत्रातली शाळा असो, त्याची बातमी चार ओळींत उरकली जात असे किंवा येतच नसे. कोणाची बाजू छापायची हे मोजक्या कार्यालयांतले मोजके लोक ठरवीत. मोबाईलने ती दारे उघडली. आज पाड्यावरचा कार्यकर्ताही आपले म्हणणे स्वतः सांगू शकतो. परंतु दार उघडले की वारा येतो तशी धूळही येते. त्या धुळीविषयी आपण कमी बोलतो, म्हणून मी बोलणार आहे.

वितरण कोणाच्या हाती?

प्रथम व्यवसायाचे गणित पाहू. ३० मे १८२६ रोजी कोलकात्याहून पंडित जुगलकिशोर शुक्ल यांनी ‘उदन्त मार्तण्ड’ हे पहिले हिंदी वृत्तपत्र सुरू केले. दीड वर्षातच, डिसेंबर १८२७ मध्ये, ते बंद पडले. हिंदी वाचक दूर उत्तरेकडे होते आणि त्यांच्यापर्यंत अंक पोचवण्यासाठी लागणारी टपालाची सवलत कंपनी सरकारने दिली नाही. लेखणी आपली होती, पण वितरण परक्याच्या हाती होते. त्या पत्राचा जीव तिथे गेला.

आज काय स्थिती आहे? वृत्तपत्राचा कागद, शाई, छपाईयंत्र आणि पहाटे सायकलवरून अंक टाकणारा विक्रेता ही सगळी साखळी परिचित माणसांची होती. मोबाईलवरची बातमी मात्र वाचकापर्यंत जाते ती फेसबुक, गूगल, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांच्या रस्त्याने. हे रस्ते परदेशी कंपन्यांचे आहेत आणि टोल किती घ्यायचा हेही त्याच ठरवतात. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केले की, वापरणाऱ्याला बातम्यांपेक्षा मित्र-नातेवाइकांचा मजकूर अधिक दाखवला जाईल. त्या एका निर्णयाने जगभरच्या वृत्तसंस्थांचे वाचक घटले. ऑस्ट्रेलियाने बातम्यांचा मोबदला द्या असा कायदा करायला घेतला, तेव्हा फेब्रुवारी २०२१ मध्ये फेसबुकने त्या देशात काही दिवस बातम्याच बंद केल्या. २०२३ साली कॅनडाच्या बाबतीतही तसेच घडले. आपल्याकडे वृत्तप्रकाशकांच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. सार्वभौम राष्ट्रांनाही जे रस्ते अडवता येतात, ते आपले आहेत असे समजून चालणे भाबडेपणाचे ठरेल.

या रस्त्यांचा आणखी एक गुण आहे. पडद्यावर माणूस जितका वेळ थांबेल तितकी जाहिरात अधिक. आणि माणूस कशाने थांबतो? राग, भीती आणि कुतूहल यांनी. मी अशी कार्यालये पाहिली आहेत, जिथे भिंतीवरच्या पडद्यावर कोणत्या मथळ्याला या क्षणी किती वाचक आहेत याचे आकडे हलत असतात. तरुण उपसंपादकाची नजर बातमीवर कमी आणि त्या आकड्यांवर अधिक असते. ती मुले वाईट नाहीत. शांत, खरी आणि थोडी उशिरा आलेली बातमी त्या भिंतीवर हरते, हे ती रोज पाहतात.

राईनपाड्याचा रविवार

बंधू-भगिनींनो, येथवरचे सारे दोष दुसऱ्यांचे होते. आता आपल्या घराकडे वळू या.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातले राईनपाडा हे गाव, आठवड्याच्या बाजाराचा दिवस. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षेसाठी तेथे आले. त्यांतले बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा तालुक्यातले. त्यांची पाले जवळच पिंपळनेरला पडलेली होती. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, असे निरोप त्या परिसरात मोबाईलवरून कित्येक दिवस फिरत होते. जमावाने या पाच जणांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि तिथे मारून टाकले. मारतानाची चित्रफीतही पुन्हा मोबाईलवरूनच फिरली. त्याच दिवशी मालेगावात लहान मूल बरोबर असलेले एक भटके कुटुंब अशाच जमावाच्या तावडीत सापडले. एका स्थानिक माणसाने त्यांना घरात घेतले, पोलिसांनी जिवावर उदार होऊन जमाव रोखला, म्हणून ते वाचले.

डवरी गोसावी कोण, हे या सभागृहात सांगायला नको. भगवी वस्त्रे, हातात डवर, मुखी नाथांचे नाव. गावोगाव फिरून ज्यांनी आपली परंपरा जिवंत ठेवली, असा हा समाज. भटक्या-विमुक्तांत आपले कार्यकर्ते वर्षानुवर्षे काम करीत आहेत. त्या समाजातली पाच माणसे एका खोट्या निरोपाने मारली. त्या वर्षी देशभर फिरलेल्या चित्रफितींपैकी एक होती दुचाकीवरून मूल उचलून नेण्याची. ती मुळात कराचीमधल्या, मुलांच्या सुरक्षिततेविषयी जागृती करणाऱ्या एका जाहिरातीतली होती. मूल परत आणून सोडण्याचा शेवटचा भाग कोणीतरी कापला आणि उरलेला तुकडा आपण एकमेकांना पाठवत राहिलो.

पुढे १६ एप्रिल २०२० ची रात्र. पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक यांची जमावाने हत्या केली. ते टाळेबंदीच्या दिवसांत मुंबईहून सुरतला अंत्यविधीसाठी निघाले होते. ती चित्रफीत पाहून आपण सारे आतून हललो. त्या घटनेच्या अनेक अंगांविषयी बोलले गेले आहे आणि बोलले जाईल. मी एकाच अंगाकडे लक्ष वेधतो. त्या भागातही आधीचे काही दिवस, रात्री चोर आणि मुले पळवणारे फिरतात, अशा अफवांनी लोक जागे होते. राईनपाड्यात जी अफवा होती तीच येथे होती. अफवा समोरच्याच्या अंगावरच्या वस्त्राचा रंग पाहत नाही. आज आपण तिला दुसऱ्याच्या दारात सोडली, तर उद्या ती आपल्या दारात येते.

मारणाऱ्यांवर खटले होतात. निरोप पुढे ढकलणारे हजारो हात मात्र आपापल्या कामाला लागतात. ‘मला आले, मी पाठवले’ हे त्यांचे उत्तर. नारदाचा प्रश्न नेमका येथे लागू पडतो. गटातले सगळे जण ‘धन्यवाद, माहितीबद्दल आभारी’ असे लिहितात. त्या पापाचे वाटेकरी व्हायला त्यांच्यातला कोण तयार आहे?

दुसऱ्याकडे बोट दाखवतो आहे असे वाटू नये म्हणून माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी एका वयोवृद्ध कीर्तनकारांच्या निधनाचा निरोप आला. पाठवणारा भला माणूस होता. मी, तीस वर्षे बातमीदारी केलेला माणूस, दोन ओळींची श्रद्धांजली जोडून तो चार गटांवर पाठवून मोकळा झालो. तासाभराने फोन वाजला. पलीकडून आवाज आला, “अहो, तुमची श्रद्धांजली वाचली. बरी लिहिलीत. पण मी अजून जेवायचा आहे.” बुवांनी ते हसण्यावारी नेले. पण त्यांच्या घरी मधल्या तासात किती फोन गेले आणि परगावच्या त्यांच्या लेकीने तो तास कसा काढला, हे मला नंतर कळले. कार्यालयात मी अशी बातमी एका दूरध्वनीशिवाय कधी छापली नसती. हातातल्या यंत्राने मला वार्ताहराचा निरोप्या केला होता.

आपले जुने जाळे

‘नेटवर्किंग’ हा शब्द आज महागड्या वर्गांत शिकवतात. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लादली गेली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर बसला. ४ जुलैला संघावर बंदी आली. त्या एकवीस महिन्यांत खरी बातमी घरोघर गेली ती सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रकांतून. मी तेव्हा शाळकरी वयाचाही नव्हतो, पण ज्यांनी ती वाटली त्यांच्याकडून ऐकले आहे. पत्रक आणणारा ओळखीचा असे. त्याचा शब्द खोटा ठरला तर तो पुन्हा त्या दारात उभा राहू शकत नव्हता. पकडला गेला तर तुरुंग होता. म्हणून चार ओळी लिहिणाराही दहा वेळा विचार करी, आणि म्हणूनच त्या चार ओळींवर लोकांचा विश्वास बसे. त्या जाळ्याचे बळ वेगात नव्हते, विश्वासात होते.

उलट उदाहरणही आठवते. ऑगस्ट २०१२ मध्ये मोबाईलवरच्या निरोपांनी ईशान्य भारतातले हजारो तरुण बंगळुरू, पुणे अशा शहरांतून भयाने गावी निघाले. सरकारला एका वेळी अनेकांना लघुसंदेश पाठवण्यावर काही दिवस बंधने घालावी लागली. देश जोडण्यासाठी वर्षानुवर्षे खपावे लागते. तोडायला एक खोटे छायाचित्र पुरते, हे त्या आठवड्याने दाखवले. २०१८ मधल्या हत्यांनंतर व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती कंपनीने घातलेली मर्यादा आहे. संयम मात्र आपला आपणच घालून घ्यायचा असतो.

मग करायचे काय? मोबाईल टाकून द्या असे मी सांगणार नाही. निरोप पुढे पाठवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा, एवढेच माझे मागणे आहे. हे पहिल्यांदा कोणी सांगितले? हे कधीचे आहे? आणि तिसरा प्रश्न, त्या गावात आपला कोण आहे? पहिले दोन कोणीही विचारू शकतो. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ‘खाट उपलब्ध’ असे निरोप तारीख-वेळ नसल्याने खाट भरल्यावरही फिरत राहिले आणि रुग्णाचे नातलग रात्री-अपरात्री हेलपाटे घालत राहिले, हे आपण अनुभवले आहे. तेव्हा स्वतः निरोप लिहाल, तर त्यावर तारीख, वेळ आणि आपले नाव घाला.

तिसरा प्रश्न मात्र तुमच्याइतक्या सहजतेने देशात दुसरे कोणी विचारू शकत नाही. मोठमोठ्या वृत्तसंस्थांचे जिल्ह्याला एक-दोन वार्ताहर असतात. तुमचा परिचयाचा माणूस तालुक्यात आहे, वस्तीत आहे, पाड्यावर आहे. एखाद्या गावात काही घडल्याचा निरोप आला, तर त्या गावच्या माणसाला एक फोन करायला दोन मिनिटे लागतात. शंभरातल्या दहा जणांनी जरी असा फोन केला, तरी नव्वद टक्के असत्य जागच्या जागी मरेल, असा माझा अनुभव सांगतो. आजवर हे जाळे आपण सांगण्यासाठी वापरले. ते विचारण्यासाठीही वापरू या. असत्य आपल्या सोयीचे असेल, तेव्हा तर नक्कीच वापरू या. कारण खरी परीक्षा तिथे असते.

सत्कार झालेल्या तरुण पत्रकारांना एवढेच सांगतो की, बातमी थोडी उशिरा गेली म्हणून कोणाचा जीव जात नाही. आणि आपल्यातल्या प्रत्येकाच्या खिशात आज छापखाना आहे, म्हणून हे मी सर्वांनाच सांगतो आहे. आज रात्री घरी गेल्यावर मोबाईल हाती घ्याल, कुठला तरी संतापजनक निरोप आलेला असेल, अंगठा आपोआप पुढे सरकेल. त्या क्षणी वीणेचा झंकार ऐकू आला आहे असे समजा, आणि देवर्षींचे शब्द आठवा : आधी विचारून ये.