नव्या बुबुळाचे पहिले वर्ष



वसंतातल्या या व्यासपीठावर राष्ट्राचे, धर्माचे, साहित्याचे विषय होतात. आमचा विषय त्या मानाने फारच लहान आहे. जाडीने तो अर्ध्या मिलिमीटरहून किंचित अधिक आणि रुंदीने बोटाच्या नखाएवढा भरेल. डोळ्याच्या अगदी पुढे, घड्याळाच्या तबकडीवर काच असावी तसा, जो पारदर्शक पडदा असतो त्याबद्दल आज बोलायचे आहे. आपण त्याला सरसकट बुबुळ म्हणतो. डॉक्टर मंडळी कॉर्निया म्हणतात. आमच्या डाव्या डोळ्यातली ही काच गढूळ झाली होती. ती काढून तेथे एका मृत माणसाची काच बसविली, त्याला आता चौदा महिने झाले. उजवा डोळा पूर्वीपासूनच अधू. तेव्हा आम्ही बोलतो ते रोग्याच्या अधिकाराने. वैद्यकशास्त्राचा अधिकार आमच्याजवळ नाही.

नेत्रदानावर व्याख्याने पुष्कळ होतात आणि ती व्हावयास हवीतच. दरवर्षी २५ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंत त्यासाठी पंधरवडाही पाळला जातो. परंतु त्या व्याख्यानांतली गोष्ट बहुधा एका वाक्यात संपते: पट्टी सुटली आणि आंधळ्याला जग दिसले. सिनेमात तर पट्टी सुटल्याबरोबर नायिकेला नेमका नायकच दिसतो! आमची पट्टी सुटली तेव्हा आम्हांला काय दिसले ते सांगतो. तेल लावलेल्या कागदाआडून पहावे तसा पांढरा उजेड दिसला आणि त्यात एक हलणारा निळा ठिपका. तो ठिपका म्हणजे परिचारिकेचा हात होता, हे तिने सांगितल्यावर कळले. भेटायला आलेली मंडळी विचारीत होती, "आता दिसते ना?" या प्रश्नाला पुढे वर्षभर आम्हांला उत्तर द्यावे लागले, आणि खरे उत्तर हो असेही नव्हते व नाही असेही नव्हते.

असे का होते हे कोयनानगरच्या श्रोत्यांना समजावून सांगणे त्यातल्या त्यात सोपे आहे. धरणाच्या पोटात जी गॅलरी असते ती आपल्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. काहींनी तर तेथे नोकरी केली आहे. धरण कितीही भक्कम असले तरी पाझर हा असतोच. तो पाझर गॅलरीत गोळा करायचा, मोजायचा आणि बाहेर काढून टाकायचा, हे काम रात्रंदिवस चालते. बुबुळाच्या आतल्या अंगाला पेशींचा एकच पातळ थर असतो, तो हेच काम करतो. डोळ्याच्या आतले पाणी बुबुळात सारखे झिरपू पाहते आणि त्या पेशी ते सारखे उपसून परत टाकतात. उपसा चालू आहे तोवर काच स्वच्छ. उपसा थांबला की काच फुगते आणि दुधाळ होते. धरणावर पंप बिघडला तर दुसरा बसविता येतो. या पेशी मात्र मोठ्या माणसात पुन्हा नव्याने तयार होत नाहीत. दात्याकडून जेवढ्या आल्या तेवढ्यांवरच पुढचे सारे आयुष्य काढायचे असते.

दुसरी गोष्ट, या काचेत रक्तवाहिनी नाही. रक्त नाही म्हणून ती आरपार दिसते, आणि परक्याचे बुबुळ आपल्या अंगात मूत्रपिंडापेक्षा पुष्कळ सहज रुजते तेही बव्हंशी त्याचमुळे. रक्तगट जुळविण्याची सहसा गरज पडत नाही. पण रक्त नाही म्हणून जखमही अतिशय सावकाश भरते. हाताला कापले तर आठ दिवसांत खपली धरते. येथे वर्ष लागते, कधी दीड वर्ष. तोवर नवी काच जागेवर धरून ठेवायची ती केसाहून बारीक नायलॉनच्या टाक्यांनी. आमच्या डोळ्यात असे सोळा टाके होते. छत्रीच्या काड्यांप्रमाणे ते चोहोबाजूंनी ताण देतात. एखादी काडी अधिक ओढली गेली की छत्रीचे कापड वाकडे होते, तसे बुबुळ वाकडे होते आणि एका वस्तूच्या दोन-तीन वस्तू दिसतात. कोजागिरीला आम्ही तीन चंद्र पाहिले. घरातली मुले म्हणाली, "आजोबा, तुमची चैन आहे!" (अलीकडे काही रोग्यांना बुबुळाचा केवळ आतला थर बदलून हवेच्या बुडबुड्याने चिकटवितात. टाके थोडे लागतात आणि नजर लवकर येते. पण काही दिवस आढ्याकडे पहात उताणे पडून रहावे लागते. ज्यांच्या काचेवर आरपार व्रण आहे त्यांना मात्र आमचाच मार्ग.)

आता या वर्षात माणूस जगतो कसा, ते सांगतो.

वाचन ही पहिली अडचण. देवनागरीतली शिरोरेघ लवकर दिसू लागते, कारण ती लांब आणि सरळ असते. तिच्या वरचे आणि खालचे मात्र सगळे नाहीसे होते. वेलांटी गेली, अनुस्वार गेला, उकार गेला. घ की ध, भ की म, याचा निर्णय अर्थावरून करावा लागतो. मृत्यूची बातमी आहे की विवाहाची, हे आम्ही कित्येक दिवस छायाचित्रातल्या हारावरून ठरवीत होतो.

एका डोळ्याने अंतर कळत नाही. चहा ओतताना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवून मगच ओतायची, असा नियम आमच्या घरी झाला. पायरीचा शेवट दिसत नाही म्हणून पायऱ्यांच्या कडांना पांढरा पट्टा मारून घेतला. त्याला खर्च काहीच नाही, आणि घरातल्या म्हाताऱ्यांचीही त्यामुळे सोय झाली. रात्री घाटातून उतरणाऱ्या गाड्यांचे दिवे अंगावर आले की प्रत्येक दिव्याला चंद्राला पडावे तसे खळे पडते आणि मधला रस्ता पुसून जातो. भर दुपारी जलाशयावरून येणारी झळाळी तर सोसवत नाही. काळा चष्मा लावून बाजारात गेले की लोक म्हणतात, म्हातारपणी ऐट आली. आणि समोरून ओळखीचा माणूस आला, त्याने मान लवविली, आम्ही तसेच पुढे गेलो, तर तो घरी जाऊन म्हणतो की अलीकडे यांना गर्व झाला आहे. श्रोतेहो, आपल्या ओळखीत असा माणूस असेल तर मान लववू नका, नाव घेऊन हाक मारा. आंधळ्याला लोक हात देतात. अर्धवट दिसणाऱ्याच्या वाट्याला संशय येतो, कारण तो एके दिवशी ताटातला खडा वेचून काढतो आणि दुसरे दिवशी दाराच्या चौकटीवर आपटतो. नजर रोज बदलते. सकाळी अधिक धूसर असते, उन्हे वर आली की थोडी निवळते. हे सोंग नाही हे घरच्यांना समजायलाही आमच्याकडे तीनचार महिने गेले.

औषधाचे थेंब हा या वर्षाचा नित्यनेम. सुरुवातीस दिवसातून कितीतरी वेळा, मग हळूहळू कमी. दोन निरनिराळी औषधे असली तर मध्ये निदान पाच मिनिटे जाऊ द्यावी लागतात, नाहीतर दुसरे औषध पहिल्याला धुऊन नेते. आमच्या मंडळींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरावर वेळा लिहून खुणा करण्याची पद्धत घातली, ती आजही चालू आहे. यांपैकी एक औषध स्टेरॉइडचे असते. शरीराने परक्या बुबुळाशी वैर धरू नये म्हणून ते घालतात. डोळा बरा वाटतो म्हणून आपल्या मनाने ते बंद करणे घातक. डॉक्टरांना न दाखविता वर्षानुवर्षे घालीत राहणेही तितकेच घातक, कारण त्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो.

डोक्यावरून पाणी घ्यायचे नाही; मान मागे टाकून दुसऱ्याने डोके धुवायचे. चुलीच्या धुरात बसायचे नाही. झोपताना डोळ्यावर जाळीची वाटी बांधायची, कारण झोपेत हात डोळ्याकडे जातो. डोळा चोळणे तर कायमचे वर्ज्य. एका आजीबाईंनी आम्हांला विचारले, "मग रडायचे तरी चालते का हो?" आम्ही आमच्या डॉक्टरांना विचारून त्यांना उत्तर कळविले: रडायला हरकत नाही, पदराने चोळून पुसू नये.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हे निमंत्रण स्वीकारले तिकडे वळतो. आमच्या ओळखीच्या एक बाई, येथून वरच्या अंगाच्या एका वाडीतल्या. लावणीच्या दिवसांत डोळ्यात काही गेले, घरी एरंडेल घातले, मग मध, मग कोणीतरी पाल्याचा रस. डोळ्यात फूल पडले. पुढे एका मोठ्या शहरात बुबुळ बदलले आणि सहा महिन्यांत त्यांना तांदळातले खडे दिसू लागले. दुसऱ्या पावसाळ्यात तो डोळा लाल झाला आणि उजेड सोसेना. घरात म्हणाले, डोळे आले असतील, लावणी उरकू दे. दुखत फारसे नव्हतेच. नव्या बुबुळातल्या शिरा तुटलेल्या असतात, ते पुष्कळसे बधिर असते, त्यामुळे दुखत नाही यावर भरवसा ठेवता येत नाही. त्यातच घाटात दरड आली. तीन आठवड्यांनी त्या तपासणीला पोचल्या तेव्हा काच पुन्हा दुधासारखी झाली होती. लाली, उजेडाचा त्रास, कमी झालेली नजर आणि दुखणे, यांपैकी एकही दिसले तर तो दिवस उजाडताच निघायचे असते. वेळेवर गेले तर औषधाने पुष्कळदा बुबुळ वाचते. आणि हा धोका पहिल्याच वर्षाचा आहे असेही नाही. दहा वर्षांनीही तो येऊ शकतो.

येथून कऱ्हाड पन्नास-साठ किलोमीटर. मिरज त्याच्याही पलीकडे. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिरजेस इस्पितळ उभारले, तेव्हापासून या मुलखातली माणसे आपले डोळे घेऊन तिकडे जात आली आहेत. जाणे हे आपल्याला नवीन नाही. पुन्हा पुन्हा जाणे आपल्या अंगवळणी पडलेले नाही. शस्त्रक्रियेला सारे घर जाते. अकराव्या तपासणीला सोबत मिळत नाही. रोजंदारी बुडते, एस. टी. चुकते, सुनेचा डोळा असेल तर भाडे जड वाटते. या गावात जेथे पावसाळ्यात चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तेथे बुबुळ बदललेल्या माणसाचे थेंब जून महिन्याआधी घरात भरून ठेवणे आणि दरड आली तर कोणाच्या गाडीने कोणत्या वाटेने जायचे हे आधी ठरविणे, हे काम शेजाऱ्यांचे आणि तरुण मंडळांचे आहे. गणपतीची वर्गणी गोळा करणाऱ्या मुलांना ते अवघड जाऊ नये.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात आपल्यासारखाच एक कष्टकरी आहे. माणसाचे बुबुळ माणसाला बसवून ते टिकल्याची पहिली नोंद १९०५ च्या डिसेंबरातली. मोराव्हियातल्या ओलोमोउत्स गावी एदुआर्द झिर्म या डॉक्टरांनी आलोइस ग्लोगार नावाच्या मजुरावर ती शस्त्रक्रिया केली. ग्लोगारचे दोन्ही डोळे चुन्याने भाजले होते. बांधकामावर चुना कालविणाऱ्यांना ही जखम निराळी सांगायला नको. एका मुलाचा डोळा अपघातामुळे काढावा लागला होता, त्याच एका डोळ्यातून दोन तुकडे घेऊन ग्लोगारच्या दोन्ही डोळ्यांत बसविले. एका डोळ्यातला टिकला नाही. दुसरा टिकला आणि माणूस पुन्हा कामाला लागला. त्यानंतर ओदेसाच्या फिलातोव्ह यांनी मृताचे बुबुळ चालते हे मोठ्या प्रमाणावर करून दाखविले. आपल्याकडे मद्रासेला १९४५ साली नेत्रपेढी निघाली. येथे धरणाची कामे चालू होती त्याच सुमारास, १९५७ साली, मुंबई राज्याने बुबुळरोपणाचा कायदा केला. सध्या १९९४ चा केंद्रीय कायदा चालतो.

आणि ज्याने दिले त्याच्याविषयी. त्याचे नाव सांगत नाहीत, आम्हीही विचारले नाही. लोक विचारतात, त्याने पाहिलेले तुम्हांला दिसते का? नाही. डोळ्याचा रंगही बदलत नाही, कारण रंग आतल्या पडद्याचा असतो. कोणी देऊ इच्छीत असेल तर एवढे ध्यानात ठेवावे की मृत्यूनंतर साधारण सहा तासांत बुबुळे काढावी लागतात. कोयनानगराहून नेत्रपेढीचे पथक बोलवायचे तर त्यातले तास रस्त्यातच जातात, म्हणून फोन रडारड आवरण्याची वाट न पाहता करावा. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, डोके उशीने थोडे उंच करावे आणि पंखा बंद करावा. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी चालते. कोणत्या रोगाने गेलेल्याचे चालत नाही ते पथकातले लोक पाहतात. आपण घरात बसून निकाल देऊ नये.

आमच्या सोळा टाक्यांपैकी अकरा आजवर निघाले. दर टाक्यानिशी चष्म्याचा नंबर बदलतो, म्हणून कायमचा चष्मा अजून केलेला नाही. उरलेल्या पाचांपैकी दोन पुढच्या महिन्यात, पाऊस लागण्यापूर्वी, काढायचे ठरले आहे. तिसऱ्या रांगेपर्यंतचे चेहरे आज आम्हांला ओळखता येत आहेत. त्यामागे जे बसले असतील त्यांनी सभा संपल्यावर जवळ येऊन आपले नाव सांगावे.