आठ तासांचे पाहुणे

सेंट लुशिया हे नाव मराठी घरांत पोहोचले ते क्रिकेटच्या वाटेने. २०१२ आणि २०१६ अशी दोन वेळा वीस षटकांची जागतिक स्पर्धा जिंकणाऱ्या वेस्ट इंडीज संघाचा कर्णधार डॅरेन सॅमी हा या बेटाचा. पुढे २०२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये ज्युलियन आल्फ्रेड या तरुणीने शंभर मीटरची शर्यत जिंकली आणि या देशाला त्याचे पहिलेवहिले पदक मिळवून दिले. देश म्हणावयाचा तो तरी केवढा? लांबी २७ मैल, रुंदी १४ मैल, आणि सारी लोकवस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या बेळगाव शहराच्या निम्म्याहूनही कमी. इंग्रज आणि फ्रेंच यांच्यात हे बेट चौदा वेळा हातोहात फिरले असे सांगतात. १८१४ साली ते कायमचे इंग्रजांकडे गेले, आणि १९७९ च्या फेब्रुवारीत स्वतंत्र झाले. कारभार इंग्रजीत, पण घरची बोली फ्रेंच वळणाची; आणि बहुसंख्य लोक कॅथॉलिक.

या बेटाची राजधानी कॅस्ट्रिज. गावाच्या पुढ्यात टेकड्यांच्या कुशीत शिरलेले खोल, निवांत बंदर आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा तेथील विहारनौकांचा हंगाम. उत्तरेकडील थंडीला कंटाळलेले अमेरिकन आणि युरोपीय उतारू आठवडा-दहा दिवसांच्या सफरीवर निघतात. रात्री बोट चालते, सकाळी नवे बेट उजाडते. कॅस्ट्रिजला अशी बोट साधारणतः सात-आठच्या सुमारास धक्क्याला लागते. तीन-चार हजार उतारू, वर हजाराहून अधिक नोकरवर्ग. गावातील घरांच्या पार डोक्यावरून पाहणारा तो पांढरा वाडा पाण्यातून सरकत आत येऊ लागला की क्षणभर असे वाटते की बोट गावाला लागत नसून गावच बोटीला लागत आहे. संध्याकाळी पाच-सहाला ती निघावयाची. म्हणजे या देशाची ओळख करून घेण्यास पाहुण्यांच्या हाती आठ-दहा तास असतात, आणि त्यांतलेही दोन न्याहारीत आणि रांगेत जातात.

पॉइंट सेराफिनच्या धक्क्यावर उतरताच जकातमाफ दुकानांची ओळ लागते. घड्याळे, अत्तरे, हिरे, मद्य. कालच्या बेटावर होती तीच दुकाने, तीच मांडणी. त्यापलीकडे टॅक्सीवाले आपापले फलक धरून उभे असतात. बहुतेक उतारूंनी दिवसाची सहल बोटीवरच विकत घेतलेली असते. त्या पैशांतला मोठा हिस्सा बोटीच्या कंपनीकडे राहतो आणि उरलेला बेटावरच्या गाडीवाल्याकडे वा होडीवाल्याकडे येतो. कोणी पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर जातात, कोणी दक्षिणेस सूफ्रियेरला गंधकाची कुंडे पाहण्यास जातात. तेथेच समुद्रातून सरळ उभे राहिलेले पिटाँ नावाचे दोन सुळके आहेत. २००४ साली त्यांची गणना जागतिक वारशात झाली, आणि खरोखरच ते पाहिल्यावाचून परत येणे हा करंटेपणा होईल. गावात मात्र थोडेच लोक फिरकतात. ज्यांना काहीच ठरविता आले नाही, किंवा ज्यांच्या खिशाला सहल परवडली नाही, असे.

वस्तुतः पाहावयाचे ते गावातच आहे. लाल छपराचा जुना बाजार एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. आत शिरताच जो दरवळ येतो तो कोकणी वा गोमंतकीय माणसाला परका वाटणार नाही: दालचिनी, जायफळ, जायपत्री, ओले खोबरे. निरफणसांचे ढीग असतात. हे झाड कॅप्टन ब्लायने १७९३ साली ताहितीहून या बेटांकडे आणले, ते मळ्यांवरच्या गुलामांचे स्वस्तात पोट भरावे म्हणून. कच्ची केळी उकडून खारवलेल्या माशांबरोबर खाणे हे तेथील राष्ट्रीय अन्न. कोकोच्या बिया भाजून, कुटून वळलेल्या काळ्या कांड्या विकावयास असतात. त्या किसून दुधात उकळावयाच्या, वर जायफळ-दालचिनी घालावयाची, आणि न्याहारीला प्यावयाचे. विकणाऱ्या बहुतेक स्त्रिया, त्याही वयस्क. पाहुणा डॉलरमध्ये भाव विचारतो आणि बाई क्षणार्धात हिशेब करून सांगते, कारण १९७६ पासून तेथील डॉलरचा दर एका अमेरिकन डॉलरला २.७० असा बांधलेला आहे. पाहुणा घासाघीस करतो. हजारो डॉलरांची सफर करणाऱ्याने जायपत्रीच्या पुडीसाठी अर्धा डॉलर ओढून धरावा, हे दृश्य जगातल्या कुठल्याही बंदरात पाहावयास मिळते. एका कोपऱ्यात रोटी मिळते, आणि तिला रोटीच म्हणतात. गुलामगिरी संपल्यानंतर १८५९ पासून हिंदुस्थानातील मजूर कराराने या बेटावर नेण्यात आले. त्यांचे वंशज आज इतरांत मिसळून गेले, भाषा गेली, रोटी राहिली.

याच बाजारात मातीच्या शेगड्याही मिळतात. त्यांना कोल-पॉट म्हणतात, म्हणजे कोळशाचे भांडे. पाहुण्याला ती शोभेची वस्तू वाटते. पण कॅस्ट्रिज आणि कोळसा यांचा संबंध शोभेचा नाही. आगबोटी वाफेवर चालत त्या काळात हे बंदर कोळसा भरण्याचे मोठे ठाणे होते. धक्क्यावर कोळशाचे डोंगर असत. ते डोंगर बोटीच्या पोटात नेत ते यंत्र नव्हे, तर स्त्रियांची डोकी. मणाहून अधिक वजनाची टोपली डोक्यावर घ्यावयाची, तिरप्या फळीवरून चढावयाचे, टोपली रिती करावयाची आणि पुन्हा खाली यावयाचे. मजुरी टोपलीमागे, चिल्लर नाण्यांत. त्या काळीही बोटीवर उतारू असत आणि ते वरून पाहत. कॅस्ट्रिजमध्येच १९३० साली जन्मलेले कवी डेरेक वॉल्कॉट यांनी ‘ओमेरोस’ या १९९० च्या महाकाव्यात या बायकांना स्थान दिले आहे. वॉल्कॉट वर्षाचे असताना त्यांचे वडील वारले. काव्यात तेच वडील छायारूपाने मुलाला भेटतात, या कोळसा वाहणाऱ्या बायका त्याला दाखवितात, आणि त्यांच्या पावलांच्या लयीला शब्द देणे हे तुझे काम, असे सांगतात. वॉल्कॉटना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणाचा प्रारंभ त्यांनी कोठून केला? त्रिनिदादमधील फेलिसिटी या खेड्यात मजुरांच्या वंशजांनी मांडलेल्या रामलीलेपासून.

तेलावर चालणाऱ्या बोटी आल्या आणि कोळसा गेला. मग केळी आली. १९५० नंतरच्या दशकांत डोंगरउतारावरचा लहान शेतकरी केळी लावू लागला, आणि घड घेऊन जाणारी बोट नेमाने इंग्लंडला निघू लागली. ‘हिरवे सोने’ हा शब्द तेव्हाचा. मोठा जमीनदार मध्ये नव्हता, पैसा थेट शेतकऱ्याच्या घरी येई. या पैशातून घरे सिमेंटची झाली, मुले शाळेत गेली. परंतु ही केळी युरोपात खपत ती तेथील सवलतीच्या आधारावर. मध्य व दक्षिण अमेरिकेतील अफाट मळ्यांची केळी स्वस्त. १९९७ साली जागतिक व्यापार संघटनेने सवलतीविरुद्ध निर्णय दिला आणि बेटावरचे हजारो शेतकरी हळूहळू केळी सोडून गेले. आज धक्क्यावर फलक धरून उभ्या असलेल्या कित्येक टॅक्सीवाल्यांची घरे त्या केळीवर उभी राहिलेली आहेत. कोळसा, केळी आणि आता उतारू: बंदर तेच, माल तेवढा बदलला.

या स्थितीचे शास्त्र सांगणारा माणूसही याच गावचा. सर आर्थर ल्युइस यांचा जन्म १९१५ सालचा. १९७९ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले. पोटापुरत्या शेतीतून निघणाऱ्या माणसांचा पुरवठा जोवर संपत नाही, तोवर नवा धंदा वाढला तरी मजुरी वाढत नाही, असे त्यांनी १९५४ च्या एका प्रसिद्ध निबंधात मांडले. धक्क्यावरील टॅक्सींची रांग आणि उतारूंची संख्या पाहिली की त्या निबंधाचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. दुपारी एक वाजला की गावातले बरेच पाहुणे जेवणासाठी बोटीवर परततात, कारण तेथील जेवणाचे पैसे आधीच भरलेले असतात. २०२० च्या मार्चमध्ये महामारीमुळे बोटी बंद झाल्या आणि वर्षाहून अधिक काळ धक्का रिकामा राहिला. बोटीकडून मिळते ते थोडे, ही तक्रार खरीच. पण ते थोडेही नसले तर काय, हे त्या वर्षाने दाखविले.

बाजारापासून चालत काही मिनिटांवर गावाचा चौक आहे. पूर्वी तो कोलंबसच्या नावाचा होता, १९९३ पासून वॉल्कॉटच्या नावाचा आहे. ल्युइस आणि वॉल्कॉट या दोघांचे अर्धपुतळे तेथे आहेत. दोघांचा जन्मदिवस एकच, २३ जानेवारी. एवढ्याशा गावाने दोन नोबेल मानकरी द्यावेत, तेही एकाच तारखेला जन्मलेले, हा योग नवलाचा. चौकात विलायती शिरीषाचा एक प्रचंड वृक्ष शेकडो वर्षांचा म्हणून दाखविला जातो. त्याला लोक ‘मासाव’ म्हणतात. एका परक्याने झाडाचे नाव विचारले, गावकरी आपल्या बोलीत म्हणाला ‘मासाव’, म्हणजे ‘मला ठाऊक नाही’, आणि परक्याने तेच नाव लिहून घेतले, अशी गोष्ट सांगतात. आठ तासांच्या पाहुण्यांविषयी गावाने केलेली ही सर्वांत सौम्य थट्टा असावी.

चौकाच्या कडेला निष्कलंक गर्भसंभवाचे कॅथीड्रल आहे. १९४८ च्या जून महिन्यात लागलेल्या आगीत गावाचा बहुतांश भाग एका रात्रीत जळून गेला. हे मंदिर वाचले. बाहेरून ते दगडी, साधे, थोडेसे उदासच दिसते. आत मात्र रंगांचा सण आहे. डन्स्टन सेंट ओमर या स्थानिक चित्रकाराने १९८५ साली, पोप दुसरे जॉन पॉल यांच्या आगमनाच्या आधी, त्याच्या भिंती रंगविल्या. त्यांतील संतांचे चेहरे बेटावरच्या काळ्या माणसांचे आहेत. त्यापूर्वी रोझो खोऱ्यातील चर्चमध्ये त्यांनी पवित्र कुटुंब रंगविले, तेही काळे, आणि भोवती खोऱ्यातलेच कष्टकरी. पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या मूर्तींपुढे गुडघे टेकलेल्यांना हे सहज पचले असेल असे नाही. गोमंतकातील सांत इश्तेव्हचे आंजेलो द फोन्सेका यांनी मारियामातेला साडी नेसविली, तेव्हा त्यांच्याच धर्मबांधवांनी नाके मुरडली होती, आणि त्यांचे पुढचे आयुष्य पुण्यात गेले. सेंट ओमर यांचे भाग्य अधिक म्हणावयाचे. त्यांची चित्रे वेदीच्या भिंतीवर आली, आणि देशाचा ध्वजही त्यांनीच रेखला. सहलीच्या गाड्या या दाराशी दहा-पंधरा मिनिटे थांबतात. त्यातही निम्मा वेळ छायाचित्रांचा.

उतारूंखेरीज बोटीवर आणखी एक समाज असतो, आणि त्यात गोमंतकीय पुष्कळ आहेत. तारवटी हा गोव्याचा जुना व्यवसाय. मुंबईत धोबीतलावच्या कुडीत ट्रंक ठेवून आजोबा मालाच्या बोटीची वाट पाहत. नातू आता विहारनौकेच्या स्वयंपाकघरात, मद्यगृहात किंवा खोल्यांच्या सफाईवर असतो. सहा ते नऊ महिन्यांचा करार, आठवड्याची सुटी नाही. बंदरात बोट उभी असतानाही आणीबाणीच्या तयारीसाठी काही जणांना पाळीपाळीने बोटीवरच राहावे लागते. ज्याची पाळी नसेल त्याला दुपारी दोन-तीन तास मिळतात. तो ना पिटाँ पाहतो ना किनारा. धक्क्याजवळ जेथे फुकट वायफाय मिळते तेथे पायरीवर बसून तो घरी बोलतो. गोव्यात तेव्हा रात्र असते, मुले झोपण्याच्या बेतात असतात. दोन वर्षे त्याच बंदरात येऊनही ज्याला गाव ठाऊक नाही असा माणूस या धक्क्यावर सहज सापडेल. त्याला दोष कोण देईल? घराचे हप्ते आहेत, बहिणीचे लग्न आहे. त्याच्या शेजारच्या पायरीवर फिलिपाइन्सचा असाच एखादा तरुण आपल्या घरी बोलत असतो.

साडेचारपासून गाड्या परतू लागतात. उन्हाने लाल झालेले खांदे, वाळूने भरलेल्या चपला, दालचिनीच्या पुड्या. शेवटच्या वेळेला दोघे-तिघे धावत येतात आणि वरच्या मजल्यांवरून त्यांना टाळ्या पडतात. मग भोंगा होतो आणि बोट मागे सरत बंदराबाहेर निघते. गावाचे तोंड पश्चिमेला असल्यामुळे सूर्य त्याच वाटेने खाली जात असतो. उतारू त्याची छायाचित्रे घेतात आणि जेवणघरात उद्याच्या बेटाच्या गोष्टी सुरू होतात.

बाजारातल्या बायका उरलेला माल टोपल्यांत भरतात. आपल्याकडच्या वडापासारख्या लहान गाड्या माणसे दाटून डोंगरातल्या वाड्यांकडे निघतात, आणि आतमध्ये दिवसभर मिटून ठेवलेली घरची बोली मोकळी होते. टॅक्सीवाला फलक गाडीत टाकतो आणि बोटींचे वेळापत्रक पुन्हा एकदा पाहतो. उद्या दोन आहेत. परवा एकही नाही.