शाळेतली पंगत



दोन देशांतल्या शाळांची तुलना निघाली की बोलणं गुणांवर, परीक्षांवर आणि दप्तराच्या ओझ्यावर येतं. मला आज मधल्या सुट्टीबद्दल बोलायचं आहे. मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकले, माझी मुलगी टोकियोतल्या प्राथमिक शाळेत. आमच्या बालपणांतलं खरं अंतर मला जेवणाच्या वेळी कळलं.

जपानमध्ये प्राथमिक शाळेतली मुलं सहसा डबा नेत नाहीत. जेवण शाळेकडूनच मिळतं. त्याला 'क्यूशोकु' म्हणतात. दुपारी ज्यांची पाळी असेल ती मुलं पांढरे डगले आणि टोप्या घालतात, भाताची आणि सूपची भांडी वर्गात आणतात आणि बाकीच्यांना वाढतात. सहा-सात वर्षांची मुलं! सूप सांडलं तर पुसतातही तीच. बाई त्याच वर्गात बसून तेच जेवतात, आणि मुलांच्या आधी मुख्याध्यापकांनी ते चाखलेलं असतं. डॉक्टरांचा मुलगा आणि ट्रकचालकाची मुलगी, दोघांपुढे सारखंच जेवण.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. १८८९ साली यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका इथे, एका देवळातल्या शाळेत, गरीब मुलांना भाताचे गोळे, भाजलेला मासा आणि लोणचं देऊ लागले. तो दानधर्म होता. १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा झाला आणि गरिबांसाठी सुरू झालेलं जेवण हळूहळू साऱ्या वर्गाचं झालं. २००५ पासून तर आहार शिकवणारे खास शिक्षकही नेमले जाऊ लागले. जेवणाची वेळ तिथे शिकण्याचीच वेळ मानतात.

त्यात अडचणी नाहीत असं नाही. माशाचा अर्क तिथे बऱ्याच पदार्थांत उतरलेला असतो. टोकियोतल्या एदोगावा भागात भारतीय कुटुंबं पुष्कळ आहेत. त्यांतल्या शाकाहारी मुलांची पंचाईत होते. महिन्याचं पत्रक आलं की आया ते ओळीओळीने वाचतात आणि काही दिवस घरून डबा देतात. सगळ्यांना सारखं वाढताना वेगळ्या मुलाला जागा ठेवणं तिथल्या शाळांनाही शिकावं लागणार आहे.

आपल्याकडे १९९५ साली शालेय पोषण आहाराची राष्ट्रीय योजना आली. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने शिजवलेलं अन्नच द्या असा आदेश दिला. पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज शंभर ग्रॅम धान्य ठरलेलं आहे. गावोगावी बायका मोठ्या पातेल्यांत खिचडी शिजवतात, आणि कित्येक मुलांचं ते दिवसातलं पहिलं पोटभर जेवण असतं. हे काम फार मोलाचं आहे. पण या खिचडीवर 'गरिबांची' असा शिक्का बसला, याचं मला वाईट वाटतं. घरात चार पैसे आले की मूल त्या पंगतीतून उठतं आणि खासगी शाळेत डबा घेऊन जातं. योजना सरकारी आणि अनुदानित शाळांपुरती आहे. त्यामुळे शिक्षण हक्क कायद्याच्या पंचवीस टक्के राखीव जागांवर विनाअनुदानित खासगी शाळेत गेलेल्या गरीब मुलाला ती खिचडीसुद्धा मिळत नाही!

एकत्र जेवणं आपल्याला परकं नाही. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढलं. तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली, स्वयंपाकाची कामंही त्यांनीच वाटून घेतली. शिवाशिवीच्या त्या काळात हे किती धाडसाचं होतं! गांधीजींनी १९२७ साली त्या वसतिगृहाला छत्रपती शाहूंचं नाव दिलं. जपानच्या शाळेत मुलांना वाढताना पाहून मला आठवलं ते हेच वसतिगृह.

तेव्हा माझी एक विनंती आहे. मूल कुठल्याही शाळेत असो, पुढच्या पालकसभेत दोन गोष्टी विचारा: मुलं सगळी एकत्र बसून जेवतात का, आणि शिक्षक त्यांच्या पंगतीला बसतात का?