चाक आणि मडगार्ड : जुन्या कॉर्व्हेट गाडीची एक तक्रार

जुन्या वेगवान मोटारी हौसेने बाळगणाऱ्यांची एक तक्रार फार परिचयाची आहे. गाडी घासूनपुसून अंगणात उभी करावी, दहा पावले मागे सरून तिच्याकडे पाहावे, आणि ध्यानात यावे की मागचे डावे चाक मडगार्डाच्या आत दडले आहे व उजवे मात्र त्याच्या कडेशी येऊन भिडले आहे. एकदा हे दिसले की मालकाला दुसरे काही दिसेनासे होते. अमेरिकेतील शेव्हरोले कॉर्व्हेट, विशेषतः १९६८ ते १९८२ या काळातील तिची तिसरी पिढी, हे या तक्रारीचे उत्तम उदाहरण होय. येथे तिचाच विचार करावयाचा आहे. कारण या गाडीत डोळ्याला खुपणारा दोष आणि जिवाला धोका करणारा दोष हे बहुधा दोन वेगळ्या ठिकाणी असतात.

प्रथम तिची घडण समजून घेतली पाहिजे. आजच्या बहुतेक मोटारींत पत्र्याचे अंग आणि सांगाडा एकजीव असतात. कॉर्व्हेटचे तसे नव्हते. खाली पोलादी चासी आणि तीवर बोल्टांनी बसविलेले फायबरग्लासचे अंग, हा तिचा १९५३ पासूनचा प्रघात. १९६३ च्या गाडीसाठी जी चासी आखली गेली, तीच थोड्याफार फेरफारांनिशी १९८२ पर्यंत चालली. पुढच्या व मागच्या चाकांतील ९८ इंचांचे अंतरही बदलले नाही. अंगाचे भाग साच्यातून काढीत, आतील पट्ट्यांवर चिकटवीत आणि सांधे घासून एकसारखे करीत. सेंट लुईसच्या कारखान्यात १९८१ पर्यंत आणि पुढे केंटकीतील बोलिंग ग्रीन येथे हे काम चालले. अशा कामात दोन्ही बाजू सुताला सूत जुळून याव्यात, ही अपेक्षाच अवाजवी होती. नव्या कोऱ्या गाडीतही काही मिलिमीटरांचा फरक असे, आणि त्याबद्दल कारखान्याला दोष देण्यात अर्थ नाही.

यातून एक गोष्ट निघते. चाकाचे नाते चासीशी आहे, मडगार्डाचे अंगाशी. या दोन घराण्यांची सोयरीक काय ती बोल्टांनी जुळलेली. म्हणून चाक सरळ आहे की नाही हे मडगार्डाला विचारून चालत नाही. ते चासीला विचारावे लागते.

विचारण्याची रीत साधी आहे. गाडी सपाट फरशीवर घ्यावी, टायरांतील हवा सारखी करावी. जॅक लावून गाडी उचलली असेल, तर खाली उतरविल्यावर तिला चार-सहा हात पुढेमागे ढकलावे. नाहीतर मागची चाके आखडलेलीच राहतात आणि मोजमाप फसते. मग डावे चाक उजवीकडे आणि उजवे डावीकडे लावून पाहावे. फरक चाकाबरोबर बाजू बदलतो की काय? तसे झाल्यास दोष रिममध्ये आहे. १९६८ साली या गाडीच्या रिमा सात इंच रुंद होत्या आणि १९६९ पासून त्या आठ इंची झाल्या. पन्नास वर्षांत चार मालकांच्या हातून गेलेल्या गाडीला कुठली रिम कुठून येऊन लागली असेल, हे कोणी सांगावे! रिम निर्दोष ठरली, तर चासीच्या ठरावीक भोकांतून ओळंबे सोडावे, फरशीवर खडूने खुणा कराव्या आणि कर्ण मोजावे. कर्ण जुळले, आणि चासीपासून चाकापर्यंतचे अंतर दोन्हीकडे सारखे भरले, तर चाक निर्दोष आहे; अंगच एका बाजूला बसले आहे.

याच टप्प्यावर अनेकांचा तोल जातो. या गाडीचे मागचे प्रत्येक चाक एका लांब पोलादी भुजेवर बसते. भुजेचे पुढचे टोक चासीच्या खोबणीत एका बोल्टावर फिरते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ पत्र्याच्या पट्ट्या, म्हणजे शिम, भरलेल्या असतात. इकडची शिम काढून तिकडे घातली की चाक किंचित सरकते. पण ते सरकते त्याहून अधिक वळते! त्या शिम चाकाची दिशा ठरविण्यासाठी आहेत. मडगार्डाशी अंतर जुळावे म्हणून त्या हलविल्या, तर मागच्या चाकांची दिशा गाडीच्या मध्यरेषेला सोडून जाते. मग गाडी खेकड्यासारखी तिरपी धावते, चालकाला स्टिअरिंग सतत एका बाजूला धरावे लागते, टायर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबताना मागचा भाग घसरण्याचे भय वाढते. दुखणे रेड्याला आणि औषध पखालीला, ते असे.

उंचीतील फरकाची गोष्ट वेगळी. मागचा पाटा आडवा असून तो मध्यभागी डिफरन्शियलला जखडलेला आणि टोकांना लांब बोल्टांनी व रबरी गाद्यांनी भुजांशी जोडलेला असतो. एका टोकाची गादी दबली की ती बाजू खचते. बाजू खचली की चाकाचा माथा आत कलतो आणि चाक मडगार्डात शिरल्यासारखे दिसते. येथे गाद्या बदलून बोल्टाची नट बेताने फिरविली की काम होते.

खरी धास्ती निराळीच आहे. मागच्या चाकांच्या पुढे चासी जेथे वर उचलली जाते, तेथे तिच्या पोकळ पेटीत माती आणि पाणी साचते. पोलाद आतून सडत जाते. वर फायबरग्लास चकाकत असतो, त्याला गंज ठाऊक नाही. म्हणून बाहेरून संशयसुद्धा येत नाही. भुजेचा बोल्ट याच भागात असतो, आणि कित्येकदा तो गंजून इतका जाम होतो की करवतीने कापूनच काढावा लागतो. तेथील पोलाद हातोडीच्या टोकाने ठोकून पाहिल्याशिवाय चाकांच्या जुळणीवर एक रुपयाही खर्चू नये. बद्द आवाज आला किंवा पापुद्रे सुटले, तर मडगार्डाचा विचार बाजूला ठेवून चासीची दुरुस्ती हाती घ्यावी.

चासी धड असेल आणि अंगच सरकलेले असेल, तर मडगार्डाच्या आतील बाजू दिव्याने पाहावी. चिकटपट्टी मूळ जागी नसणे किंवा सांध्यातून रसायनाचे ओघळ बाहेर आलेले असणे, ही जुन्या अपघाताची खूण होय. तसे काही नसेल, तर अंगाचे बोल्ट सैल करून ते थोडे सरकविता येते. मात्र दारांच्या फटी त्याबरोबर बदलतात, म्हणून त्या आधी मोजून लिहून ठेवाव्या. मडगार्डाची कड घासून जागा करण्याचा उपाय काही लोक सुचवितात. त्यात मूळची कड कायमची जाते, आणि फायबरग्लासची भुकटी फुप्फुसांना घातक असल्याने तोंडाला योग्य मुखवटा बांधल्यावाचून तर ते काम मुळीच करू नये. अंग जागेवर आले की बोल्ट आवळावे, फटी पुन्हा मोजाव्या, आणि मगच गाडी चारही चाकांच्या अलाइनमेंटसाठी न्यावी.