अंबेच्या काठी आपले स्वागत

दुरून आलेल्या डॉक्टर बंधुभगिनींनो,

ग्रामदेवता जोगेश्वरी मातेला वंदन करून समस्त नागोठणेकरांच्या वतीने मी आपले मनःपूर्वक स्वागत करतो.

धरमतर खाडीची भरती आमच्या अंबा नदीत इथवर चढते. तिच्या जोरावर एकेकाळी गलबते थेट नागोठण्याला लागत. पण आमचे खरे वैभव म्हणजे जुना दगडी पूल. सुमारे १५८२ साली चौलच्या काझी अलाउद्दीन यांनी तो बांधला. त्यासाठी तीन लाख रुपये खर्च झाल्याची नोंद कुलाबा गॅझेटियरात आहे. जुलै १९८९ च्या अंबेच्या महापुराची आठवण निघाली की आजही अंगावर काटा येतो. असे कितीतरी पूर या पुलाने अंगावर घेतले. काझीसाहेबांचे नाव आज क्वचितच कुणाच्या ओठी येते, म्हणून या व्यासपीठावरून मी ते मुद्दाम आदराने घेतो. कमानीखालची वाट मोकळी राहिली तरच पूल टिकतो. हृदयाचेही तसेच, एवढे आम्हा सामान्यांना कळते.

आपल्या परिषदेचा विषय लठ्ठपणातील हार्मोन्स, वजनघट आणि हृदय. गावात पेट्रोकेमिकल कारखाना आला, पाळीची नोकरी आली आणि अनेकांची शेतावरची चाल सुटली. हातपाय काटक, पण सदऱ्याचे खालचे बटण ताणलेले, अशी माणसे आमच्या बाजारात रोज दिसतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हाच बारीक दिसणारा, पण आतून चरबी साठवणारा भारतीय जगापुढे मांडला. २००४ साली त्यांनी ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांच्याशी स्वतःची तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३ च, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२!

ही चरबी नुसती पडून राहत नाही. तिच्यातून लेप्टिन वाढते, रक्तदाब चढतो. रक्तवाहिन्यांना जपणारे अ‍ॅडिपोनेक्टिन मात्र घटते. वजन पाच-दहा टक्के उतरले तरी रक्तदाब आणि साखर सुधारते. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनची २०२३ ची चाचणी १७,६०४ हृदयरुग्णांवर झाली; त्यांना मधुमेह नव्हता, वजन मात्र जास्त होते. त्यात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटले. पण ही महागडी सुई गावात पोहोचेपर्यंत कमरेची टेप तरी प्रत्येक दवाखान्यात असावी. पुरुषांची कंबर ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरपुढे गेली की वेळीच सावध करा, ही माझी हात जोडून विनंती.

सभागृह देणारी शाळा, तांदूळ पाठवणारे शेतकरी, मंडपाचे पैसे न घेणारे व्यावसायिक, देणगीदार व्यापारी, आपल्या घरी पाहुण्यांना उतरवून घेणारी कुटुंबे आणि पहाटेपासून राबणाऱ्या महिला मंडळाच्या भगिनी, या सर्वांचा मी ऋणी आहे. रात्री पोपटी आहे. भांबुर्ड्याचा पाला घातलेल्या मडक्यात वालाच्या शेंगा तेलाच्या थेंबाविना शिजतात, तेव्हा निःशंक मनाने खा.

खोल्या अपुऱ्या आहेत, महामार्गाने आपल्याला त्रास दिला असेल, वीजही जाऊ शकेल. उणिवा सर्वस्वी माझ्या. त्या पदरात घ्याव्यात, पाहुणचार गोड मानून घ्यावा आणि परिषदेच्या कामकाजास आरंभ करावा.